उभ्याची फळी आणि खळाळती नदी

फळीवर उभे राहायचे आणि लांब वल्ह्याने ती हाकायची, हा प्रकार हवाई बेटांतल्या समुद्रावर रुजला आणि इ. स. २००० नंतर जगभर पसरला. हीच फळी अमेरिकेतील कोलोरॅडोच्या खडकाळ नद्यांत उतरली, तेव्हा तिचे रूप का पालटावे लागले, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. मी भूगोलाचा विद्यार्थी. मला खेळापेक्षा पाण्याच्या वागण्याचे कुतूहल अधिक.

मूळ भेद असा की, समुद्रात लाट पुढे सरकते आणि पाणी जवळजवळ जागच्या जागी वरखाली होते. नदीत नेमके उलट. खडकावरून उसळलेली लाट एका जागी उभी असते आणि पाणी तिच्यातून धावत असते. ग्लेनवूड स्प्रिंग्ज या गावी तर कोलोरॅडो नदीच्या पात्रातच अशी उभी लाट मुद्दाम निर्माण केली आहे.

आता फळीकडे वळू. समुद्रावर लांब पल्ल्याला नेण्याची फळी बारा-चौदा फूट लांब, अरुंद आणि सरळ तळाची असते. ती नदीच्या उतारावर घातली तर तिचे नाक समोरच्या लाटेत घुसते. म्हणून नदीची फळी नऊ ते अकरा फुटांची, सुमारे तीन फूट रुंद आणि दोन्ही टोकांना होडीसारखी वर वळवलेली करतात. या बाकामुळे ती चटकन वळते. शांत डोहात मात्र रेंगाळते. दोन्ही गुण एकाच फळीत मिळत नाहीत, आणि आराखडा करणाऱ्याचे खरे कसब इथेच लागते.

त्याहून नाजूक भाग म्हणजे कड. मोठ्या खडकामागे पाणी उलट, वरच्या दिशेला फिरत असते. त्या आडोशातून मुख्य धारेत शिरताना धार फळीच्या वरच्या अंगाच्या कडेवर चढू पाहते. कड पातळ आणि खाली झुकलेली असेल, तर पाणी तिला दाबून फळी क्षणात उलथवते. गोल, उचललेली कड पाण्याला खालून वाट देते. पण तीच गोलाई उभ्या लाटेवर फळीची पकड घालवते. म्हणून काही जण शेपटाकडची कड तेवढी धारदार ठेवतात. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते.

खडकांवर आपटायचे असल्याने हवेने फुगणाऱ्या फळ्या नदीत अधिक चालतात. त्यांच्या दोन थरांमध्ये हजारो उभे धागे विणलेले असतात. (१९५६ साली गुडइयर कंपनीने याच तऱ्हेच्या कापडाचे फुगवायचे विमान उडवले होते!) दर चौरस इंचाला १५ पौंड दाब भरला, तर प्रत्येक चौरस फुटावर २,१६० पौंड, म्हणजे जवळजवळ एक टन जोर येतो, तो हे धागे पेलतात, म्हणून फळी लाकडासारखी ताठ राहते. तळाचे पर मात्र आखूड आणि लवचिक हवेत. लांब पर खडकाला अडला की फळी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो.

चाचणीची अडचण निराळीच आहे. बर्फ वितळण्याच्या दिवसांतली कोलोरॅडो आणि शरदातली कोलोरॅडो या जणू दोन नद्या. दोन फळ्यांची तुलना करायची तर पाणी सारखे हवे. म्हणून एकाच दिवशी, एकाच टप्प्यावर, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी लागते. आपल्या कोलाडची कुंडलिका या दृष्टीने सोयीची आहे, कारण तिचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडले जाते. तिथे तराफ्यात बसून मी पाणी चढताना पाहिले आहे. तासाभरापूर्वी उघडे असलेले दगड दिसेनासे होतात.

शेवटी दोरीविषयी. समुद्रात फळी घोट्याला बांधतात, कारण ती वाहून गेली तर माणूस संकटात येतो. नदीत तीच दोरी खडकात किंवा झाडाच्या फांदीत अडकते आणि माणसाला धारेत धरून ठेवते. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला दोन मीटर वेगाच्या धारेत अर्ध्या चौरस मीटर अंगावर ढोबळमानाने १०० किलो वजनाइतका जोर येतो. वेग तीन मीटर झाला की तो सव्वादोनशेच्या घरात जातो. एवढ्या ओढीविरुद्ध वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. म्हणून नदीत दोरी बांधायचीच तर ती कमरेच्या वर, जीवरक्षक जाकिटाला किंवा कमरपट्ट्याला, आणि एका झटक्यात सुटेल अशा कडीने बांधतात. ती कडी सुटते की नाही हे काठावर उभे राहून नव्हे, तर वाहत्या पाण्यात दोरीवर ताण असताना, दोन्ही हातांनी आळीपाळीने पाहिले जाते.