शाळेच्या बँडमध्ये आधी कोणते वाद्य?

प्रश्न : लातूरच्या शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मुलीला बँडपथकात बिगुल वाजवायचा आहे, हे वय योग्य आहे का?

उत्तर : बिगुलाला कळा नसतात, त्याचे सारे स्वर ओठांच्या ताणातून आणि श्वासाच्या दाबातून निघतात, आणि समोरचे दुधाचे दात साधारणतः ६ ते ९ या वयात पडून नवे येत असल्याने त्या काळात धातूच्या तोंडाचा दाब ओठांना व हिरड्यांना सोसत नाही. म्हणून दात पक्के होईपर्यंत साइड ड्रम, म्हणजे पट्ट्याने अडकवून दोन काड्यांनी वाजवायचा छोटा ड्रम, हाती द्यावा. लेझीम खेळलेल्या मुलांच्या पायांत ताल आधीच मुरलेला असतो, ही मराठवाड्यातील शाळांची मोठीच शिदोरी होय. सराव रबराच्या जाड तुकड्यावर, उजवा-डावा हात मोजत, रोज दहा मिनिटे पुरे. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या संचलनासाठी जूनपासूनच सुरुवात करावी.