खेळाचे इमान

नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे दरवर्षी हिवाळ्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते. तेथील घोड्यांच्या बाजाराइतकीच कुस्त्यांची दंगलही प्रसिद्ध आहे. जळकोट, उदगीर, अहमदपूर या भागांतही गावच्या जत्रेला कुस्त्यांच्या फडावाचून शोभा येत नाही. मराठवाड्याच्या मातीला मल्लविद्येचे वेड जुनेच आहे. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९६९ साली ‘महाराष्ट्र केसरी’ हा मान मिळवला होता.

फडात पंचाने हात वर केला, की हरलेला मल्लही तो निर्णय मानतो. असे का होते? मल्लाचे बळ त्याच्या स्वतःच्या कष्टाचे आहे आणि पंचाचा तराजू सरळ आहे, या दोन गोष्टींवर सर्वांचा विश्वास असतो. सारा खेळ या दोन विश्वासांवर उभा आहे.

मल्लाचे बळ तालमीत तयार होते. पहाटे उठून जोर-बैठका काढाव्या, दूध-बदामाचा खुराक घ्यावा, वस्तादांनी शिकवलेला डाव शंभर वेळा घोटावा, तेव्हा कुठे अनेक वर्षांनी अंग घडते. परंतु काही औषधे अशी आहेत, की ती घेतल्याने स्नायू लवकर वाढतात व थकवा कमी जाणवतो. त्यांना उत्तेजक द्रव्ये म्हणतात. ती यकृताला आणि हृदयाला अपाय करतात. शिवाय, जो प्रामाणिकपणे घाम गाळतो, त्याच्या कष्टांची ती चोरी करतात. म्हणून खेळांत त्यांना बंदी आहे. ही बंदी पाळली जावी यासाठी १९९९ साली ‘वाडा’ ही जागतिक संस्था स्थापन झाली. भारतात हेच काम ‘नाडा’ ही संस्था करते.

या संस्थांचा एक नियम फार कठोर आहे. खेळाडूच्या शरीरात जे द्रव्य सापडेल, त्याला तो स्वतःच जबाबदार असतो. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटका होत नाही. कारण तेवढ्याने सुटका झाली असती, तर प्रत्येक दोषी माणूस तेच म्हणाला असता.

या नियमाची कसोटी २०१६ साली लागली. मुंबईत तयार झालेले मल्ल नरसिंग यादव यांनी २०११ पासून सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ किताब जिंकला होता. २०१५ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्यांनी रिओ ऑलिंपिकमध्ये ७४ किलो वजनगटात भारतासाठी जागा मिळवली. त्या जागेवर कोणी जावे, यावरून वाद झाला. दोन ऑलिंपिक पदकांचे मानकरी सुशील कुमार यांनी निवड-कुस्ती घेण्याची मागणी केली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मागणी फेटाळली गेली.

त्यानंतर काही आठवड्यांतच नरसिंग यांच्या तपासणीत बंदी असलेले द्रव्य आढळले. आपल्या अन्नपाण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते. नाडाच्या समितीने १ ऑगस्टला त्यांना निर्दोष ठरवले. परंतु वाडाने या निर्णयाविरुद्ध आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली. १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्याच दिवशी, लवादाने निकाल दिला. मिसळल्याच्या आरोपाला ठोस पुरावा नाही, असे सांगून त्याने नरसिंग यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. त्या गटात भारताचा एकही मल्ल उतरला नाही. कष्टाने मिळालेली जागा रिकामीच राहिली!

येथे केवळ मल्लाचीच कसोटी लागली असे नाही; व्यवस्थेचीही लागली. निवडीचा नियम सर्वांना मान्य होईल असा आधीच स्पष्ट असता, तर मल्लांना न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. पहिला निर्णय पुराव्याच्या भक्कम पायावर उभा असता, तर तो अठरा दिवसांत कोसळला नसता.

रक्षकच डोळे मिटून घेतात तेव्हा काय होते, हे सायकलच्या शर्यतींत दिसून आले. फ्रान्समध्ये दर उन्हाळ्यात ‘टूर द फ्रान्स’ ही सुमारे तीन आठवड्यांची अवघड शर्यत होते. अमेरिकेचे लान्स आर्मस्ट्राँग यांनी १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षे ती जिंकली. पुढे ते उत्तेजके घेत होते हे सिद्ध झाले, आणि २०१२ साली त्यांची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. सायकल खेळाच्या जागतिक संघटनेने काय केले, याची स्वतंत्र आयोगाने चौकशी केली. त्याचा अहवाल २०१५ साली आला. १९९९ मध्ये आर्मस्ट्राँग यांच्या तपासणीत औषधाचा अंश सापडला असता, संघटनेने मागील तारीख घातलेली डॉक्टरांची चिठ्ठी नियम बाजूला ठेवून स्वीकारली होती, असे त्यात म्हटले आहे. नामवंत खेळाडूमुळे खेळाची कीर्ती वाढते, म्हणून त्याला झुकते माप मिळाले. त्या सात वर्षांच्या विजेत्यांची जागा आजही कोरी आहे. त्या काळात जे सचोटीने धावले, त्यांची नावे कोणाच्याच लक्षात राहिली नाहीत.

शेताला कुंपण असते ते पिकाच्या रक्षणासाठी. पण कुंपणच शेत खाऊ लागले, तर दाद कोणाकडे मागावी? खेळाडूने आपले अंग स्वच्छ राखावे, हे त्याचे कर्तव्य आहे. पंचाने व संघटनेने मोठे नाव आणि लहान नाव एकाच तराजूत तोलावे, हे त्यांचे कर्तव्य आहे. या दोहोंतील एकाने जरी कर्तव्य सोडले, तरी नुकसान तिसऱ्याचेच होते. तो तिसरा म्हणजे पहाटे तालमीत एकटा जोर काढणारा मुलगा होय.

स्वाध्याय

१. खेळ कोणत्या दोन विश्वासांवर उभा असतो?
२. खेळाडूच्या जबाबदारीचा नियम कठोर का ठेवला आहे?
३. सायकल संघटनेची चूक कोणती, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. ‘कुंपणाने शेत खाणे’ व ‘झुकते माप देणे’ यांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या शाळेच्या सामन्यात पंचाने ओळखीच्या संघाला सवलत दिली, तर तुम्ही काय कराल?