हवाईयन गिटार : तारा कोणत्या स्वरांत लावाव्यात?

(तृतीय वर्ष, कला)

गतवर्षीच्या स्नेहसंमेलनात माझ्या गिटारवादनाचा जो फजितवाडा झाला, तो आपणांपैकी अनेकांनी पाहिला आहे. भीमपलास रागावर आधारलेले एक भावगीत मी वाजवीत होतो. सुरावट चुकली नव्हती, ठेकाही सुटला नव्हता. तरी दुसऱ्या कडव्यापासून काहीतरी आंबट लागू लागले. पुढच्या रांगेत बसलेल्या प्राध्यापकांनी मान खाली घातली. दोष माझ्या हाताचा नव्हता, तारा लावण्याचा होता, हे मला पुढे दोन महिन्यांनी उमगले. त्या दोन महिन्यांत जे वाचले आणि तारा तोडून जे शिकलो, ते येथे मांडीत आहे.

प्रथम वाद्याविषयी थोडे. गिटार म्हटली की छातीशी धरून, डाव्या हाताच्या बोटांनी पडद्यांवर तारा दाबून वाजवायची स्पॅनिश गिटार आपल्या डोळ्यांसमोर येते. हवाईयन गिटार मांडीवर आडवी ठेवतात. तिच्या तारा पट्टीपासून उंच उचललेल्या असतात. पडदे असले तरी ते केवळ जागा दाखविणाऱ्या खुणांपुरते. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत रॉड धरून तो तारांवरून सरकवायचा आणि उजव्या हाताने नख्या घालून तारा छेडायच्या. मिंड हा ह्या वाद्याचा प्राण आहे.

हे वाद्य हवाई बेटांवर जन्मले. ओआहू बेटावर 1874 साली जन्मलेला जोसेफ केकुकू ह्याच्याकडे त्याचे जनकत्व जाते. पण तिकडेच अशीही एक आख्यायिका आहे, की केकुकूच्या आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाचा एक मुलगा होनोलुलूत तारेवर वस्तू घासून स्वर काढीत असे, आणि तो मूळचा हिंदुस्थानातला होता! आख्यायिकेवर फार भार टाकू नये हे मान्य. परंतु तार न दाबता तिच्यावरून काही सरकवून वाजविण्याची कल्पना आपल्याला परकी नव्हती, एवढे निश्चित. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात एकतंत्री वीणेवर बांबूची ‘कम्रिका’ सरकवून स्वर काढण्याचे वर्णन आहे. उत्तरेतील विचित्रवीणा काचेच्या गोळ्याने वाजवितात. दक्षिणेतील गोट्टुवाद्य किंवा चित्रवीणा लाकडी तुकड्याने वाजवीत आले आहेत, आणि तिला पुन्हा मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या वादकाचे नाव होते तिरुविडैमरुदूर सखाराम राव. तमिळ मुलखातले हे नाव आपल्या किती ओळखीचे वाटते!

मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग ह्यांनी चित्रपटगीतांच्या धुना ह्या गिटारीवर वाजवून घरोघरी पोचविल्या. कलकत्त्यात सुनील गांगुली, बटुक नंदी आदींनी तेच केले. ब्रिजभूषण काबरा ह्यांनी तिला रागसंगीतात आणले. पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया ह्यांच्यासह त्यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी 1967 साली निघाली. विश्वमोहन भट्ट ह्यांनी तरफांच्या तारा जोडून मोहनवीणा घडविली आणि 1994 साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. माझ्याकडे असलेली गिटार मात्र मामांची. एके काळी ते नंदुरबारच्या एका ऑर्केस्ट्रात ती वाजवीत. गणेशोत्सवात तळोद्यापासून साक्रीपर्यंत फिरत. तिच्या तारा मी सुरतेहून आणवितो.

आता मूळ मुद्दा. स्पॅनिश गिटारीत चार बोटे चार तारांवर चार निरनिराळ्या ठिकाणी ठेवता येतात. म्हणून तिच्या तारा एकदा लावल्या की कोणतेही गाणे, कोणतीही स्वरसंगती बोटांनी जमविता येते. आपल्या हातात बोटाऐवजी एकच सरळ रॉड. तो पाचव्या पडद्यावर ठेवला की सहाही तारा पाच-पाच अर्धस्वर चढतात. म्हणजे मोकळ्या तारांत जे परस्परसंबंध असतील, तेच प्रत्येक पडद्यावर पुन्हा मिळतात. दुसरे मिळत नाहीत. म्हणून तारा लावताना आपण काय वाजविणार हे अर्धेअधिक ठरूनच जाते. अमेरिकेतील वादकांना ही अडचण इतकी जाचली, की त्यांनी दोन-दोन, तीन-तीन पट्ट्यांच्या गिटारी करून प्रत्येकीवर निराळ्या तारा लावल्या, आणि पुढे पायाने तारा चढविणारे पेडल काढले. 1954 च्या सुमारास ते लोकप्रिय झाले. आपल्यापाशी पेडल नाही. आपला निर्णय मैफलीत बसण्यापूर्वी व्हायला हवा.

सर्वांत जुनी आणि सर्वांना प्रथम शिकविली जाणारी पद्धत म्हणजे ‘ए मेजर’. जाड तारेपासून बारीक तारेकडे जाताना स्वर येतात : ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. ‘ए’ हा षड्ज धरला (आपल्या हार्मोनियमची पांढरी सहा), तर हेच प सा प सा ग प असे वाचावे. ह्यात वरच्या तारा एकमेकींना जवळ आहेत : ग आणि प ह्यांच्यामध्ये अवघे तीन अर्धस्वर. त्यामुळे रॉड फार न हलवता एका तारेवरून दुसरीवर जाऊन जलद धून वाजविता येते, दोन-तीन तारा एकदम छेडल्या तर गोड स्वरसंगती मिळते. ऑर्केस्ट्रावाल्यांना ही पद्धत का आवडते ते ह्यावरून कळेल. तोटा असा, की सर्वांत बारीक तार पंचमाची. तार षड्ज तिच्यावर पाचव्या पडद्यावर सापडतो. आणि तारा जवळ असल्याने हात लांब मिंड घ्यायचे विसरतो.

दुसरी ‘डी मेजर’ : डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी, म्हणजेच सा प सा ग प सा. येथे वरची तार षड्जाची. गाणे तिच्यावर मोकळ्या षड्जापासून सुरू करावे, खाली मंद्र पंचमाकडे जायचे तर दुसरी तार आहेच. एका तारेवर पूर्ण सप्तक घ्यायचे तर रॉडला तारेची निम्मी लांबी, म्हणजे सुमारे एक फूट, धावावे लागते. मेहनत पडते, पण गळ्यासारखी सलग मिंड येथेच निघते. मला स्वतःला हीच पद्धत प्रिय आहे.

तारांच्या ताणाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे, कारण नवशिका येथेच वाद्य बिघडवितो. तार तीच, लांबी तीच असता ताण हा कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक अर्धस्वर चढविला की कंपनसंख्या सुमारे 6 टक्के वाढते, पण ताण 12 टक्के. एक पूर्ण स्वर चढविला की ताण 26 टक्के! स्पॅनिश पद्धतीने लागलेली गिटार ‘ए मेजर’मध्ये आणताना तीन तारा पूर्ण स्वराने चढवाव्या लागतात. ‘डी मेजर’मध्ये मात्र चार तारा उतरतात, दोन आहेत तेथेच राहतात, चढत एकही नाही. ज्यांना ‘ए’चीच रचना हवी त्यांनी सर्व एक स्वर खाली, ‘जी’मध्ये लावावे : डी, जी, डी, जी, बी, डी. संबंध तेच, आणि जुन्या लाकडाची घोडी उखडत नाही. मामांच्या गिटारीची घोडी एकदा उखडली आहे, म्हणून हे ठासून सांगतो.

गाणाऱ्याच्या पट्टीचाही प्रश्न येतो. ‘डी’ म्हणजे पांढरी दोन. गाणारा काळी एकमध्ये गात असेल तर सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवाव्यात. ते सहज चालते. त्याहून फार दूर जायचे असेल तर त्याच तारा ताणण्यापेक्षा वा ढिल्या करण्यापेक्षा जाडी बदलून नव्या तारा चढविणे बरे. ढिली तार रॉडखाली दबते आणि बेसूर होते.

तिसरी पद्धत ‘सी सिक्स्थ’. स्वर : सी, ई, जी, ए, सी, ई, म्हणजे सा ग प ध सा ग. हिच्यात एक मोठी गंमत आहे. खालच्या तीन तारा छेडल्या तर सा ग प, हे आनंदी वळणाचे मेजर कॉर्ड. वरच्या तीन छेडल्या तर ध सा ग. आता ‘ध’ला षड्ज मानून पाहा, तेच सा, कोमल ग, प होते, म्हणजे मायनर कॉर्ड. एका सरळ रॉडखाली दोन्ही सापडतात! चित्रपटगीतांच्या साथीसाठी ह्याहून सोयीची रचना मला माहीत नाही. रागसंगीताच्या दृष्टीने पाहिले तर सा, ग, प, ध हे चारही स्वर भूपाचे आहेत. भूप वाजविताना चुकून कोणतीही मोकळी तार वाजली तरी राग बिघडत नाही.

पण राग बदलला की हेच वरदान शाप ठरते, आणि माझी फजिती नेमकी ह्या ठिकाणी झाली. मी ‘डी मेजर’ लावून बसलो होतो. भीमपलासात गंधार कोमल. माझी तिसरी तार शुद्ध गंधाराची! मी तिला मुद्दाम छेडीत नव्हतो. परंतु नखी निसटते, आणि न छेडताही शेजारच्या तारांच्या कंपाने ती मंद गुणगुणत राहते. सबंध गाणे कोमल गंधाराचे आणि पोटात शुद्ध गंधार बोलतो आहे, असा तो प्रकार होता.

पहिला उपाय सुचला तो असा, की तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवून कोमल गंधार करावा. करून पाहिले, समाधान झाले नाही. भीमपलासाचा कोमल गंधार जागेवर ठोकलेला नसतो, तो मध्यमाच्या आधाराने, आंदोलन घेत येतो. मोकळ्या तारेचा ताठ गंधार त्याच्या शेजारी लाकडासारखा लागतो. मग तंबोऱ्याकडे पाहावे असे मनात आले. पंचम वर्ज्य असलेल्या मालकंसाला तंबोरा मध्यमात लावतात. मारव्याला पंचमाऐवजी निषाद वा धैवत घेतात. म्हणजे तंबोऱ्यात रागाचे सगळे स्वर भरण्याचा अट्टाहास नसतो; जे दोन-तीन स्वर रागात निर्धास्तपणे उभे राहू शकतात, तेवढेच घेतात. भीमपलासाचा वादी मध्यम. तेव्हा तिसरी तार एफ शार्पवरून अर्धा स्वर चढवून ‘जी’ केली : सा प सा म प सा. आणि गंमत अशी, की ‘जी’ हाच त्या तारेचा स्पॅनिश पद्धतीतला मूळ स्वर. तुटण्याची भीती मुळीच नाही. इतके दिवस मीच तिला तिच्या घरातून खाली ओढीत होतो. मालकंसासाठी ह्याच रचनेतल्या पंचमाच्या तारा एकेक स्वर उतरवून मध्यमात आणाव्यात, म्हणजे सा आणि म एवढेच उरतात.

तारा लावताना हार्मोनियमवर विसंबू नये, हेही सांगितले पाहिजे. षड्जाची कंपने 240 धरली तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार 300 कंपनांचा असतो. हार्मोनियमचा सुमारे 302.4. फरक किरकोळ वाटेल, पण मोकळ्या तारा एकत्र वाजल्या की तो लाटांसारखा ऐकू येतो. पंचमात हा फरक जवळजवळ नाहीच (360 आणि 359.6). म्हणून षड्ज हार्मोनियमवरून घ्यावा, पंचम कोठूनही घ्यावा, गंधार मात्र कानाने, लाटा थांबेपर्यंत हळूहळू उतरवून लावावा.

राहता राहिली आपल्या मुलखातली गाणी. श्रावणात आमच्या घरी कानबाई बसते. त्या वेळी आई आणि शेजारणी जी गाणी म्हणतात, ती वाजवावी असे मला फार दिवस वाटत होते. मी ‘डी मेजर’वर त्यांतले एक बसविले आणि आईला ऐकविले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “हाई आपलं गानं नई शे, भाऊ.” सुरावट तर तीच होती! मी तिला पुन्हा गायला लावले, आणि तंबोऱ्याचा षड्ज धरून ऐकले. सगळे गाणे चार-पाच स्वरांत फिरते. तिचा गंधार ना पुरता शुद्ध, ना पुरता कोमल. दर ओळीला तो किंचित निराळा पडतो. माझी गंधाराची तार त्याला प्रत्येक वेळी ओढून सिनेमाच्या गाण्यात नेत होती. मध्यम लावून पाहिला, तर तो तिच्या गाण्यात जवळजवळ येतच नाही. परक्यासारखा मध्येच उभा राहिला.

शेवटी तिसरी तार काढूनच टाकली. पाच तारा उरल्या : सा प सा, प सा. रॉड गंधाराच्या आसपास नेऊन तिच्या आवाजामागे सोडून दिला. ह्या खेपेला ती ऐकता ऐकता स्वतःच गुणगुणू लागली, आणि मग म्हणाली, “हां, आते शे.” गिटारीची ती तिसरी खुंटी अजून रिकामीच आहे.