गव्हाचं सोवळं

मुलीचं पोट बिघडलं की आमच्याकडे एकच पथ्य: मऊ भात, वर तुपाची धार आणि चमचाभर मेतकूट. सीलिअॅकचं, म्हणजे गहू बाधण्याच्या दुखण्याचं, निदान झालं, घरातली पोळी तिच्यापुरती बंद झाली, तरी तीन महिने अधूनमधून पोट दुखायचं आणि आम्ही इमानेइतबारे तिला मेतकूट-भात भरवायचो. एका दुपारी सासूबाई डाळी भाजायला बसल्या आणि सवयीने मूठभर गहू कढईत टाकले. कित्येक घरांच्या मेतकुटात गहू असतोच. आमच्याही होता. औषध म्हणून आम्ही तिला दुखणंच वाढत होतो.

तेव्हा कळलं, की गहू सोडणं हे सोपं काम. गहू कुठेकुठे लपलाय ते हुडकणं हे खरं काम. ज्या घरात नुकतंच निदान झालंय त्यांच्यासाठी ही कृती.

सुरुवातीआधी एक अट. पोट फुगतं म्हणून कुणाच्या सांगण्यावरून गहू सोडला असेल आणि तपासणी व्हायची असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. रक्तातली टीटीजी-आयजीए तपासणी आणि लहान आतड्याची बायोप्सी, दोन्ही गहू खाण्यात असतानाच खरं सांगतात. महिनोनमहिने गहू बंद ठेवून तपासणीला गेलात तर दुखणं असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.

साहित्य: एक परात, एक तवा, एक पोळपाट-लाटणं, एक पिठाची चाळणी, एक कालथा, दोन सुती फडकी, सगळं नवं. झाकणाचे सहा-सात डबे. ठळक रंगाची चिकटपट्टी. आणि सुट्टीचा एक अख्खा दिवस, कारण हे काम संध्याकाळी ऑफिसमधून येऊन होत नाही.

त्या दिवशी आधी मांडणी रिकामी करा आणि एकेक पुडा, डबी हातात घेऊन घटक वाचा. कणीक, मैदा, रवा, दलिया, शेवया, कुरडया, पाव, टोस्ट, खारी हे उघड शत्रू. कुरडई गव्हाच्या चिकाची, तिच्याबद्दल वाद नको. खपली गहूही गहूच. ‘जुना देशी गहू चालतो’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. जवातही ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते बाधणारं प्रथिन, असतं, म्हणून सातूचं पीठ बंद. थालीपिठाच्या भाजणीत बहुधा गहू असतो, चकलीच्या भाजणीत बहुधा नसतो. विकतची असेल तर विचारा, घरची असेल तर आठवा. दुधात घालायच्या पावडरी आणि कॉर्नफ्लेक्स यांत माल्ट सापडतं, म्हणजे जवच. सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्समध्ये मुळात गहू नसला तरी शेतात, गोदामात तो मिसळतो, शिवाय काहींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

आणि हिंग. बाजारातला बहुतेक हिंग बांधानी असतो: मूळ राळ थोडी, बाकी डिंक आणि पीठ. ते पीठ कधी तांदळाचं, पण पुष्कळदा गव्हाचं. खडा हिंग म्हणजे शुद्ध, असंही समजू नका, खडेही पीठ घालून बांधतात. एका चिमटीत फार नसतं, पण आमटीत हिंग, भाजीत हिंग, ताकात हिंग, लोणच्यात हिंग. तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो, डबीवर तसं छापलेलं असतं. तो मिळेपर्यंत फोडणी जिऱ्या-लसणाची करा.

पाकिटावर ‘ग्लुटेन फ्री’ असं छापायचं तर एफएसएसएआयच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. ‘लो ग्लुटेन’ची मर्यादा १०० पर्यंत जाते, तो माल आपल्या कामाचा नाही. हे आकडे किती बारीक आहेत ते पाहा. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण ३ ग्रॅम ग्लुटेन येतं. सीलिअॅकच्या बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत बाधत नाही असं मानतात. म्हणजे पोळीचा तीनशेवा भाग. ‘एक घास खाल्ला तर काय होतंय’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना मी हाच हिशेब सांगते.

आता भांडी. स्टीलची पातेली, ताटं, वाट्या साबणाने नीट घासल्या की झालं. ग्लुटेन काही विष नाही, ते धुतलं जातं. पण ते उष्णतेने नाहीसं होत नाही, त्यामुळे ‘तापल्या तव्यावर सगळं जळून जातं’ हा समज सोडा. जिथे घासणी पोहोचत नाही तिथे वस्तूच वेगळी ठेवायची: लाकडी पोळपाट, चरे पडलेला नॉनस्टिक तवा, पिठाची चाळणी, पुरणयंत्र, शेवया पाडलेला सोऱ्या. नव्या वस्तूंना ती रंगीत पट्टी लावा. आमच्याकडे लाल आहे, त्यामुळे चार वर्षांचा धाकटाही ओरडतो, “आई, ताईचा झारा!”

सासूबाईंनी याला नाव दिलं ‘गव्हाचं सोवळं’. शब्द मला आधी खटकला, कारण सोवळ्याच्या नावाखाली आपल्याकडे माणसांना दूर ठेवलं गेलं. पण इथे दूर ठेवायची ती कणीक, आणि शिस्त नेमकी तीच लागते: कशाला काय शिवलं याचं भान. ते त्यांच्या पिढीला उपजत आहे, मला शिकावं लागलं.

दळण हा सगळ्यात नाजूक भाग. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ या कशातच ग्लुटेन नाही. भाकरी खाणाऱ्या मुलखात जन्मलो हे आपलं नशीब. पण कोपऱ्यावरच्या गिरणीत आपल्या ज्वारीच्या आधी कुणाचे तरी दहा किलो गहू दळलेले असतात. दगडात पीठ, पिशवीत पीठ, हवेतसुद्धा पीठ. गिरणीवाले काका भले असतात, आधी पसाभर तांदूळ दळून गिरणी झाडून देतात. त्याने गहू कमी होतो, जात नाही. मी वर्षभर हा खटाटोप केला आणि शेवटी घरगुती चक्की घेतली. परवडत असेल तर हाच एक खर्च आधी करा, आणि चक्की नवीच घ्या. नाही परवडली तर ग्लुटेन फ्री छापलेलं पाकीटबंद पीठ आणा. घरी दळताना धान्य आधी निवडा, कारण दुकानातल्या पोत्यातून ज्वारीत गव्हाचे दाणे येतातच. ताटात पसरून, उजेडाला धरून बघा. मग धुऊन वेगळ्या फडक्यावर वाळवा. शेजारच्या चटईवर गहू वाळत असेल तर त्या गच्चीवर नको.

ओट्यावरचा क्रम असा: आधी भाकऱ्या, मग पोळ्या. उलटं केलंत तर पोळीची पिठी ओट्यावर, नळावर, फडक्यावर बसलेली असते. भाकरी झाकून बाजूला ठेवायची, मगच कणकेचा डबा उघडायचा. मांडणीत कणीक सगळ्यात खाली, मुलीचे डबे वर, म्हणजे सांडलं तरी वरून खाली सांडेल. तळणाचंही तसंच. दिवाळीत ताज्या तेलात आधी चकली, अनारसे. शंकरपाळे, करंज्या मागून. पुरी तळलेल्या तेलात पापडसुद्धा तळायचा नाही.

इतकं सगळं सांभाळूनही आमची फसगत जेवणाच्या टेबलावर व्हायची. कुठे, ते लक्षात यायला बरेच दिवस गेले. तुपाच्या भांड्यात! नवऱ्याच्या पोळीवर तूप घालताना चमचा पोळीला टेकतो, तोच परत तुपात जातो, आणि तेच तूप मुलीच्या भातावर. लोण्याचं, जॅमचं, लोणच्याचं तेच. तिची तुपाची वाटी वेगळी केली त्या आठवड्यापासून फरक दिसला.

घराबाहेर जिथे नाही म्हणणं जड जातं तिथेच गहू भेटतो. सत्यनारायणाचा प्रसाद घ्या. “अहो, रव्याचा शिरा आहे, गव्हाचा कुठे?” हे मला किमान पाच घरांत ऐकावं लागलंय. रवा गव्हाचाच असतो हे शांतपणे सांगा आणि तिच्या हातावर केळं किंवा खडीसाखर ठेवायला सांगा. कुणी रागावत नाही. एकादशीचं ताट बऱ्यापैकी निर्धास्त: साबुदाणा, वरई, शेंगदाणे. फक्त राजगिऱ्याचं, शिंगाड्याचं पीठ कुठे दळलंय ते विचारा. हॉटेलात ‘ग्लुटेन’ हा शब्द वापरू नका, वेटरला गोंधळात पाडाल. ‘गहू, मैदा, रवा चालत नाही, हात लागलेलाही नाही’ असं सांगा आणि तीन गोष्टी विचारा: तेल कोणतं, तवा कोणता, सांबारात हिंग कोणता. उत्तर टाळलं तर दही-भात बिनफोडणीचा मागवा. शाळेत बाईंना चिठ्ठी द्या, आणि वर्गात वाढदिवसाचा केक येतो त्या दिवसासाठी राजगिऱ्याचे लाडू बाईंच्या कपाटात ठेवून द्या.

चुकून पोटात गेलंच तर उलटी काढायला लावू नका. त्यावर उतारा असा नाही. पाणी, पेज, विश्रांती. जुलाब, उलट्या थांबत नसतील तर दवाखाना गाठा. आणि काय, कुठे, किती वाजता खाल्लं ते वहीत लिहा. आमची वही नसती तर तुपाचा चमचा सापडला नसता. कुठलीही नवी गोळी, टॉनिक घेताना औषधाच्या दुकानातच विचारा, त्यातही गव्हाचा स्टार्च असू शकतो.

आता ही सगळी यातायात नको म्हणून अख्ख्या घरानेच गहू सोडावा असं वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण हे दुखणं रक्ताच्या नात्यात चालतं. आईवडील आणि भावंडांना त्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त, त्रास काहीच नसला तरी. तेव्हा आधी घरातल्या सगळ्यांची टीटीजी करून घ्या, आणि मगच गव्हाचा डबा घराबाहेर काढा.