फ्रेममधला परवाना

माझा भाचा तलासरीहून गुजरातमधल्या उंबरगावच्या कारखान्यात कामाला जातो. बायकोच्या बाळंतपणाच्या वेळी पैशांची नड निघाली, तेव्हा त्याने तिकडच्या एका शेठकडून वीस हजार उचलले, महिना दहा टक्क्यांनी. शेठ स्वतः तलासरीत घरी येऊन पैसे देऊन गेला. जाताना पगाराच्या खात्याचं एटीएम कार्ड आणि कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही घेऊन गेला. महिन्याला दोन हजार कटायचे, मुद्दल जिथल्या तिथे. मी हटकलं तर भाचा म्हणतो, “मामा, त्याच्याकडे लायसन आहे. दुकानात फ्रेम करून लावलंय.”

फ्रेम खरीच होती, पण परवाना गुजरातचा. सावकारीचा परवाना ज्याचं त्याचं राज्य देतं. गुजरातच्या कागदावर तलासरीत कर्ज वाटता येत नाही. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी (नियमन) अधिनियमाप्रमाणे परवाने देण्याचं काम सहकार खात्याकडे आहे. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. तेव्हा फ्रेम दिसली की तीन गोष्टी वाचा: राज्य, क्षेत्र, साल. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आपल्याकडे व्याज महिन्यावर बोलतात, सरकारी दर वर्षाचा असतो. गफलत होते ती इथेच. शेतीखेरीज इतर कामासाठी विनातारण कर्जाला सावकाराला वर्षाला जास्तीत जास्त १८ टक्के घेता येतात. म्हणजे वीस हजारांवर महिन्याला तीनशे. भाचा दोन हजार भरत होता! व्याजावर व्याज चालत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. कोऱ्या कागदावर सही घेणं तर गुन्हाच.

बचत गटासारखा गट करून कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचं वेगळं. त्यांची नोंदणी रिझर्व्ह बँकेकडे असते, त्यामुळे त्यांच्याकडे सहकार खात्याचा परवाना मागून उपयोग नाही. त्यांना नोंदणी क्रमांक विचारा आणि रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर तपासा. अशा सूक्ष्म कर्जाला तारण घेता येत नाही. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर दारात येऊ नये, असा नियम आहे.

जमिनीचा विषय निघाला तर मात्र तिथेच उठावं. डहाणू-तलासरी अनुसूचित क्षेत्र. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. सावकाराने कर्जापोटी गेल्या पंधरा वर्षांत जमीन बळकावली असेल, तर सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत देववू शकतात. नुसती जमीनच नाही, माणसंही कर्जात अडकायची: लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी याच भागातले. १९४५ मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने वारली उठले, ते त्या वेठीविरुद्ध.

आम्ही शेठविरुद्ध सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार दिली. साहेबांनी आधी पुरावा मागितला. पावती एकही नव्हती, पण सुरुवातीचे काही हप्ते भाच्याने फोनपेवर पाठवले होते आणि बँकेच्या पासबुकात पैसे काढल्याच्या नोंदी होत्या. त्यांच्या प्रती जोडल्या, पोच घेतली. शेठच्या कानावर गेलं आणि कार्ड माणसाकरवी घरपोच आलं. स्टॅम्पपेपर अजून त्याच्याकडेच आहे, म्हणून तक्रार मागे घेतलेली नाही. परत आलेलं कार्ड वापरू नका. बँकेत अर्ज देऊन ते बंद करा, नवं घ्या.