काहीच घडत नाही, तरी मूल खिळून का राहतं?

प्रश्न : माझी सहा वर्षांची नात ‘माय नेबर टोटोरो’ हा जपानी चित्रपट पुन्हा पुन्हा लावायला सांगते. त्यात खलनायक नाही, मारामारी नाही, पाठलाग नाही. हाताने काढलेली चित्रं आणि संथ गोष्ट, एवढंच. तरी ती जागची हलत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही तिच्याबरोबर शेवटपर्यंत बसते. असं काय आहे त्यात?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, या चित्रपटात पुष्कळ काही घडतं, फक्त ते मोठ्यांच्या लेखी किरकोळ असतं. दोन बहिणींतल्या धाकट्या मेईला बूड नसलेली बादली सापडते. त्यातून ती पलीकडे बघते, तर गवतात ओकचं एक फळ दिसतं. चार वर्षांच्या मुलीच्या दिवसातली ही मोठी घटना आहे आणि दिग्दर्शक हायाओ मियाझाकी ती तेवढ्याच गांभीर्याने दाखवतात. चित्रपट ८६ मिनिटांचा, पण ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो रानातला भलामोठा प्राणी टोटोरो येतो सुमारे अर्ध्या तासाने. तोवर आपण बघतो ते या बहिणी राहायला आलेलं जुनं घर, डुगडुगणारा खांब, हातपंपाचं पाणी आणि माळ्यावरचा अंधार. नवीन घरात गेल्यावर मुलं हेच तर बघतात.

आता हाताने काढण्याविषयी. कॅमेऱ्यासमोर खरी माणसं उभी केली की वारा, पाऊस, कपड्याची चुणी हे सगळं आपोआप टिपलं जातं. हाताने काढलेल्या चित्रपटात आपोआप काहीच येत नाही. सेकंदाला २४ फ्रेम सरकतात आणि एक चित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेमपुरतं टिकतं, म्हणजे सेकंदभराच्या हालचालीला आठ ते बारा चित्रं लागतात. मुख्य अॅनिमेटर हालचालीतले महत्त्वाचे टप्पे काढतो, मधली चित्रं दुसरे कलाकार भरतात. १९८८ साली, हा चित्रपट आला तेव्हा, ही चित्रं ‘सेल’ नावाच्या पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर उतरवून रंगवत, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवत आणि एकेक करून कॅमेऱ्याने टिपत. इतके कष्ट पडत असताना एखादी बारीक गोष्ट पडद्यावर आली, तर ती कुणाला तरी मनापासून दाखवावीशी वाटली म्हणूनच.

एक उदाहरण देतो. थोरली सात्सुकी घाईत आहे, पायात बूट आहेत आणि तिला घरातून पलीकडे जायचंय. जमिनीला बूट लागू नयेत म्हणून ती गुडघ्यांवर चालत जाते. कथेचं या तपशिलावाचून काही अडत नाही. पण चपला उंबऱ्याबाहेर काढणाऱ्या घरातल्या मुलाला तो क्षणात कळतो. आपल्याला कुणीतरी नीट बघितलंय, असं त्याला वाटतं. तुमची नात जागची हलत नाही, त्याचं मोठं कारण मला हे दिसतं.

दुसरं कारण म्हणजे मोकळा वेळ. बसथांब्यावरचा प्रसंग आठवा. पाऊस पडतोय, बाबांची बस आलेली नाही, मेई पेंगुळली म्हणून सात्सुकी तिला पाठुंगळी घेते. एक बेडूक रस्त्यावरून सावकाश जातो. मग डोक्यावर पान ठेवलेला टोटोरो शेजारी येऊन उभा राहतो. सात्सुकी त्याला छत्री देते आणि छत्रीवर पडणाऱ्या थेंबांच्या आवाजाने तो हरखून जातो. तिथे बोलणं अगदी थोडं आहे. प्रेक्षक कंटाळेल या धास्तीने दिग्दर्शक घाई करत नाही. मुलाला स्वतः बघू देतो, पुढचं ओळखू देतो. लहान मुलावर टाकलेला असा विश्वास दुर्मीळ असतो.

पण हळुवार म्हणजे गोडगोड नव्हे. या मुलींची आई दवाखान्यात आहे. तिचं घरी येणं लांबतं, तेव्हा दोघी बहिणी भांडतात आणि सदैव शहाण्यासारखी वागणारी सात्सुकी ढसाढसा रडते. मियाझाकींच्या स्वतःच्या आईने मणक्याच्या क्षयामुळे कित्येक वर्षं अंथरुणावर काढली होती. आईच्या आजारपणाची ही भीती त्यांनी लहानपणी जवळून पाहिली होती, म्हणून ती इथे खरी वाटते. खलनायक नसला तरी चिंता आहेच. ती उचलायला सोबत मिळते : शेजारची आजी, सगळं गाव आणि टोटोरो.

ज्या परिसरात ही गोष्ट घडते, तो टोकियोच्या वेशीवरच्या सायामा टेकड्यांवरून सुचलेला आहे. कला-दिग्दर्शक काझुओ ओगा यांनी तिथली झाडं, शेतं, मातीचे रस्ते इतक्या मायेने उभे केले की नुसत्या उजेडावरून दिवसाची वेळ कळते. १९९० साली टोटोरोच्या नावाने एक मोहीम सुरू झाली. देणग्या गोळा करून या टेकड्यांवरचे जंगलाचे तुकडे विकत घ्यायचे आणि राखायचे, असं तिचं काम. चित्रांनी लोकांना खऱ्या झाडांकडे बघायला लावलं, याहून मोठी दाद कोणती?

हाताने काढलेला प्रत्येक चित्रपट असाच असतो, असं मात्र नाही. शिवाय संगणक आला म्हणजे हे हरवतं असंही नाही; मियाझाकींच्या स्टुडिओ जिब्लीनेही पुढे रंगकामासाठी संगणक घेतला. महत्त्वाचा तो बघणाऱ्या डोळ्यांचा आणि रेघ काढणाऱ्या हाताचा धीर.

नातीबरोबर आणखी बघायचं असेल, तर मियाझाकींचाच ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ (१९८९) घ्या. रंगीत पेन्सिलीच्या पोताचा, जवळजवळ निःशब्द ‘द स्नोमॅन’ (१९८२) अर्ध्या तासाच्या आत संपतो. त्याचा शेवट हुरहूर लावणारा आहे, तेव्हा शेजारी बसा. जलरंगातला ‘एर्नेस्ट अँड सेलेस्टीन’ (२०१२) अस्वल आणि उंदरीच्या मैत्रीचा आहे. बघताना मधेच थांबवून अर्थ समजावू नका. ती विचारेल तेव्हा सांगा, आणि एखादं दृश्य तिला पुन्हा बघायचं असेल तर खुशाल बघू द्या. दर वेळी तिला त्यात काहीतरी नवं सापडत असतं.