शाळेच्या ताटात गावचा शेतमाल : कायद्याचे पाठबळ व शेतकऱ्यांची तयारी

शाळकरी मुलांस दुपारचे शिजवलेले अन्न देणे ही आता केवळ शासनाच्या मर्जीची बाब राहिलेली नाही. तो बालकांचा कायदेशीर हक्क आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र शासनाने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली, तेव्हा पुष्कळशा राज्यांत मुलांस कोरडे धान्यच घरी नेण्यास दिले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि पुढे २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने त्यास पक्के अधिष्ठान लाभले. या कायद्यान्वये शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या बालकास शाळेच्या प्रत्येक दिवशी एक वेळचे अन्न विनामूल्य मिळावयास हवे. पहिली ते पाचवीच्या मुलास त्यातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे परिशिष्टात नमूद आहे.

ताटात किती असावे हे कायद्याने सांगितले. ते कोणाच्या शेतातून यावे, हे मात्र सांगितले नाही. तांदूळ केंद्राच्या साठ्यातून येतो. डाळी, तेल व मसाले आपल्या राज्यात प्रायः निविदा काढून मोठ्या पुरवठादारांकडून घेतले जातात. शाळेच्या पातळीवर खरेदीस उरतो तो भाजीपाला व इंधन. परिणाम असा की, ज्या गावच्या शिवारात तूर उभी असते त्याच गावच्या मुलांच्या वरणाची डाळ दूरच्या गोदामातून येते, आणि गावची तूर पडत्या भावात व्यापाऱ्याकडे जाते. सप्टेंबर २०२१ मध्ये योजनेस 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' हे नाव देताना शेतकरी उत्पादक संघ व महिला बचत गट यांच्या सहभागास उत्तेजन द्यावे, शाळेत परसबाग करावी, असे केंद्राने सुचविले. सूचना स्तुत्य आहे; परंतु उत्तेजन म्हणजे बंधन नव्हे, आणि बंधन नसेल तेथे खरेदी करणारा अधिकारी नेहमीच्या वाटेनेच जातो. त्यात त्याचा दोष आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. त्यास हिशेब द्यावयाचा असतो.

हे बंधन कायद्यात कसे घालता येते, याचे उत्तम उदाहरण ब्राझील देशाचे आहे. तेथे शालेय भोजनाची योजना १९५५ पासून चालू होती. १६ जून २००९ रोजी त्या देशाने नवा कायदा केला व त्याच्या १४ व्या कलमाने असे ठरविले की, शालेय भोजनासाठी मध्यवर्ती निधीतून जो पैसा मिळतो त्यातील कमीत कमी ३० टक्के रक्कम कुटुंबाच्या श्रमावर शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्यांकडून वा त्यांच्या संस्थांकडून थेट खरेदी करण्यास वापरलीच पाहिजे. भूसुधारणेत जमीन मिळालेले शेतकरी व आदिवासी यांस अग्रक्रम आहे. या खरेदीस निविदेची सक्ती नाही. जाहीर आवाहन करून माल मागविता येतो. मात्र भाव स्थानिक बाजाराशी सुसंगत असावा लागतो. भोजनाचा तक्ता आहारतज्ज्ञाने करावयाचा व तो करताना त्या भागातील खाण्याची रीत व पिके विचारात घ्यावयाची, हेही त्याच कायद्यात आहे. आरंभी अनेक नगरपालिका ३० टक्क्यांपर्यंत पोहोचू शकल्या नाहीत, तरी तत्त्व टिकले. २०२५ च्या दुरुस्तीने १ जानेवारी २०२६ पासून हे प्रमाण ४५ टक्के करण्यात आले.

आपल्या दृष्टीने त्या कलमातील सर्वांत बोधप्रद भाग सवलतीचा आहे. पुढील तीन कारणांनी खरेदी करणाऱ्यास हे बंधन टाळता येते : विक्रेता रीतसर पावती देऊ शकत नाही, माल नियमितपणे येऊ शकत नाही, अथवा मालाची स्वच्छता समाधानकारक नाही. उद्या आपल्याकडे असा कायदा झाला तर अडचण येईल ती नेमकी येथेच.

म्हणून प्रथम मागणीचे माप घ्यावे. योजनेच्या प्रमाणानुसार पाचवीपर्यंतच्या मुलास रोज २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, आणि त्यापुढील मुलास ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी लागते. एखाद्या शाळेत पहिल्या गटात ८० व दुसऱ्यात ४० मुले आहेत असे धरल्यास रोजची गरज ७ किलो भाजी व २ किलो ८०० ग्रॅम डाळ एवढी होते. वर्षात २०० दिवस अन्न शिजले तर १४ क्विंटल भाजी व ५ क्विंटल ६० किलो डाळ. एका शाळेपुरते हे थोडे वाटेल. परंतु अशा दहा शाळा एकत्र धरल्या की १४० क्विंटल भाजी व ५६ क्विंटल डाळ होते, व एवढ्या निश्चित मागणीवर आठ-दहा शेतकऱ्यांच्या गटास पेरणीची आखणी करता येते.

आखणीत खरी कसोटी जूनची आहे. शाळा उघडते तेव्हा पावसाळी भाज्या अजून हाती नसतात. जूनमध्ये लावलेली गवार, भेंडी, दुधी वा दोडका यांचे तोडे साधारणपणे जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये सुरू होतात. ही मधली पोकळी तांबड्या भोपळ्याने भरावी. जानेवारी-फेब्रुवारीत पाण्याखाली लावलेला भोपळा मे महिन्यात तयार होतो, आणि पक्व फळ देठासह काढून कोरड्या, हवेशीर जागी एका थरात ठेवल्यास दोन-तीन महिने सहज टिकते. बांधावर शेवग्याची दहा-बारा झाडे असावीत. पावसाळ्यात त्याचा पाला भरपूर मिळतो व डाळीत घालण्यास तो उत्तम. हिवाळ्यात मेथी, पालक, गाजर, वाल यांची वाण पडत नाही. मात्र मेथी-पालक एकदम न पेरता दर १५ दिवसांनी थोडथोडे पेरावे, म्हणजे आठवड्याचा तोडा खंडित होत नाही. भाजी सकाळी काढून, माती धुऊन, शाळेत वेळेवर पोहोचवावी. फवारणी केली असल्यास औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा-काळ संपल्याखेरीज माल शाळेत मुळीच देऊ नये. बाजारात चालते म्हणून येथे चालेल, असे समजू नये.

तुरीची डाळ करण्यास गिरणी लागते. ती जवळ नसेल तर मूग, मटकी, चवळी ही कडधान्ये अख्खी देण्यापासून आरंभ करावा. ती कडक उन्हात वाळवून हवाबंद साठवावीत. भुंगा लागलेला एक डबा पुढील वर्षाचा व्यवहार बुडवितो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी शाळा व्यवस्थापन समिती व शेतकरी गट यांची बैठक शाळा उघडण्याची वाट न पाहता डिसेंबरातच घडवून आणावी. भोपळ्याची लावण त्यानंतर लगेच येते. भाजीचा निधी शाळेकडे येतो, त्यामुळे भाजीचा व्यवहार नव्या कायद्यावाचूनही सुरू करता येईल. एका वर्षाच्या पावत्या, वजने व तारखा नीट लिहून ठेवल्यास कायद्याची मागणी करताना तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरेल.

डाळीसाठी मात्र नियमच बदलावयास हवेत. अन्न सुरक्षा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात लहान व अल्पभूधारक शेतकऱ्यांचे हित आणि विकेंद्रित खरेदी ही उद्दिष्टे आधीच लिहिलेली आहेत; मागणी त्याच आधारे करावी. ग्रामसभेच्या ठरावात तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात : आहाराच्या खर्चाचा ठराविक हिस्सा तालुक्यातील लहान शेतकऱ्यांच्या गटांकडून घेण्याचे बंधन, जवळच्या बाजार समितीच्या भावाशी जोडलेला दर, आणि माल पोहोचल्यापासून ठराविक दिवसांत पैसे देण्याची मुदत. तिसरी अट विसरू नये. मोठा पुरवठादार देयकासाठी चार महिने थांबू शकतो. दोन एकरांचा शेतकरी थांबू शकत नाही, आणि एकदा पैसे अडकले की दुसऱ्या वर्षी तो शाळेकडे माल आणीत नाही.